फोर्ट ड्रमला बिऱ्हाड हलवताना : सैन्याच्या सामान-वाहतूक सेवेचा अनुभव

आधी निकाल, मग कारणं. अमेरिकन सैन्याकडून घरसामान हलवून मिळतं ती सेवा, जिला आम्ही सगळे नुसतं ‘एचएचजी’ (हाउसहोल्ड गुड्स) म्हणतो, तिला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. जॉर्जियातल्या फोर्ट स्ट्युअर्टहून टेक्सासला किंवा फ्लोरिडाला जायचं असतं तर डोळे झाकून साडेचार दिले असते. पण आमच्या बदलीची ऑर्डर निघाली न्यूयॉर्क राज्याच्या पार उत्तरेची, फोर्ट ड्रमची, आणि हजर व्हायची तारीख नोव्हेंबरातली. सामान या लोकांनी आणलं, बरंचसं नीट आणलं. पण बर्फाच्या गावी सामान येईपर्यंत घर कसं चालवायचं ही त्यांची जबाबदारी नाही, आणि तिथे जाणाऱ्याला आधी तेच कळायला हवं.

ज्यांची ही पहिलीच पीसीएस, म्हणजे सैन्यातली बदली, आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑर्डर हातात आली की डीपीएस या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करायची. सरकार एका खासगी वाहतूक कंपनीला काम देतं. कंपनी आपण निवडत नाही. ती कंपनी पॅकिंगला दुसऱ्याच कोणाला पाठवते, ट्रक तिसऱ्याचा असतो आणि उतरवायला येतात ते चौथे. त्यामुळे ‘अमुक कंपनी चांगली’ या सल्ल्याला फारसा अर्थ नाही. वजनाची मर्यादा हुद्द्यावर ठरते. नवरा स्टाफ सार्जंट, सोबत कुटुंब, म्हणून आम्हाला ११,००० पौंड, म्हणजे जवळजवळ पाच टन. सैनिकाच्या कामाचं सामान, प्रो-गिअर, २,००० पौंडांपर्यंत वेगळं धरतात आणि जोडीदाराच्या कामाचं ५०० पौंडांपर्यंत. ते मर्यादेत मोजत नाहीत, पण पॅकिंगच्या दिवशी ते वेगळं काढून यादीवर तसं लिहून घेणं आपलं काम. मी घरून अकाउंट्सचं काम करते. माझी जाडजूड पुस्तकं आणि फायली मी आदल्या रात्रीच एका भिंतीशी रचून त्यावर कागद चिकटवला होता. नाहीतर ती सोफ्याच्या हिशेबात गेली असती. मर्यादेच्या वर गेलं तर जादाचे पैसे आपल्या खिशातून, आणि वजनाबद्दल शंका असेल तर पुन्हा तोलून मागायचा हक्क आहे, तो फुकट आहे. वापरा.

आमचे मामंजी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचं अख्खं बिऱ्हाड काळ्या पत्र्याच्या ट्रंकांत मावायचं; वर पांढऱ्या रंगात नाव, नंबर आणि पलटण. पाच टन हा आकडा ऐकून ते फोनवर म्हणाले, “अगं सूनबाई, एवढ्यात आमची कंपनी हलायची की!” पण फोर्ट ड्रम म्हणजे दहाव्या माउंटन डिव्हिजनचं ठाणं हे कळल्यावर त्यांचा सूर बदलला. ही डिव्हिजन १९४५ च्या वसंतात इटलीच्या डोंगरांत लढत होती, आणि त्याच एप्रिलात, इटलीतच, सेनियो नदीकाठी मामंजींच्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी ती कामगिरी केली जिच्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. “म्हणजे आमच्या शेजारच्या मोर्चावरचे लोक,” असं म्हणून त्यांनी बदलीला मंजुरी दिली. ती कोणी मागितली नव्हती, पण सासरे ते सासरे.

आता पॅकिंग. त्याआधी एक माणूस मोजमाप करायला येतो, किंवा हल्ली फोनवरच व्हिडिओ कॉल करून घर दाखवायला सांगतात. व्हिडिओवर दाखवताना माळा, गॅरेज आणि पोर्चवरची शेगडी दाखवायला विसरायचं नाही. त्या अंदाजावरच ते माणसं आणि खोकी आणतात.

आमच्याकडे पॅकिंगला आलेले लोक झपाट्याने काम करणारे होते. इतके झपाट्याने, की दिसेल ते कागदात गुंडाळून खोक्यात. सैन्यातल्या प्रत्येक घरात कचऱ्याच्या डब्यासकट पॅक झाल्याची एकतरी कथा असतेच. आम्ही एका बाथरूममध्ये पासपोर्ट, ऑर्डरच्या प्रती, औषधं, मुलांचे शाळेचे आणि लसीकरणाचे कागद ठेवून दाराला कुलूप लावलं. हा सल्ला सगळे देतात. त्यात मी एक भर घालते: गाडीची दुसरी किल्लीही त्याच बाथरूममध्ये.

खरी परीक्षा असते यादीची. प्रत्येक खोक्याला आणि फर्निचरच्या प्रत्येक तुकड्याला रंगीत स्टिकर आणि नंबर लागतो, आणि यादीत त्यापुढे इंग्रजी अक्षरांचे छोटे कोड: ओरखडा, पोचा, टवका. म्हणजे वस्तू आधीपासूनच खराब होती अशी नोंद. आमच्या जेवणाच्या टेबलापुढे त्या माणसाने कोडांची रांगच लावली. टेबल तसं धड होतं. मी वाद घातला नाही. यादीच्या सहीजवळ हरकतींसाठी जागा असते, तिथे ‘टेबलाचे चारही पाय सुस्थितीत, फोटो आहेत’ असं लिहिलं आणि त्याच्यासमोर फोटो काढले. पुढे हेच उपयोगी पडलं.

स्वयंपाकघराचंही तसंच. तीन खोक्यांवर एकच शब्द: किचन. त्यातल्या एकात माझ्या समया, मोदकपात्र, सोऱ्या आणि आजीचं पितळी पुरणयंत्र होतं. ते खोकं हरवलं असतं तर कंपनीने चार प्लास्टिकच्या डब्यांची किंमत हातावर ठेवली असती. मी खोकं उघडायला लावून त्यावर ‘पितळी भांडी’ असं लिहून घेतलं, आणि ते मौल्यवान वस्तूंच्या वेगळ्या यादीतही चढवलं. पॅकरने एकदा माझ्याकडे आणि एकदा पुरणयंत्राकडे पाहिलं. त्याला ते शस्त्र वाटलं असावं.

काय नेत नाहीत तेही ऐका. गॅसची टाकी, रंग, ब्लीच, काड्यापेट्या, ज्वालाग्राही काहीही. कुंड्या नाहीत. फ्रिजमधलं आणि नासणारं काही नाही. तेलातल्या लोणच्यालाही त्या मुकादमाने हात जोडले, आणि त्याचं बरोबरच होतं. बरणी फुटून गाद्यांना खार लागण्यापेक्षा ते बरं. आईने दिलेलं कैरीचं लोणचं हजार मैलांहून जास्त माझ्या पायाशी बसून आलं.

ज्यांना थंड प्रदेशात जायचंय त्यांनी ट्रकविषयी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: ट्रक आतून गरम नसतो. जॉर्जियात चढवलेलं सामान पेनसिल्व्हेनियापासून पुढे गोठणबिंदूच्या खाली जातं आणि तसंच पडून राहतं. वॉशिंग मशीनच्या पंपात आणि नळीत थोडं पाणी कायम उरतं. ते गोठलं की फुगतं आणि पंप तडकतो. नवऱ्याने आदल्या रात्री मशीन तिरपं करून, खालचा फिल्टर उघडून सगळं पाणी काढलं होतं. आमच्याच सुमाराला तिथे आलेल्या एका कुटुंबाने काढलं नव्हतं. त्यांच्या पहिल्याच धुण्याला तळघरात तळं झालं. पाण्याचा फिल्टर, वाफेची इस्त्री, ह्युमिडिफायर (हवा दमट ठेवणारं यंत्र), कॉफीचं यंत्र, सगळं कोरडं करून द्यायचं. प्लास्टिकचे मोठे डबे थंडीत ठिसूळ होतात, जरा आपटले की कोपऱ्यातून फुटतात. त्यांत जड काही भरू नका. टीव्ही, संगणक, मिक्सर घरात आले की लगेच चालू करायचे नाहीत. गार वस्तू गरम खोलीत आली की तिच्या आत दव धरतं. आम्ही टीव्ही दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवला. घरात त्यावरून जो असंतोष माजला त्याचं वर्णन करत नाही.

आता या सेवेच्या जोडीला जे करायलाच हवं ते. सगळं सामान सरकारवर सोपवण्याची सक्ती नाही. थोडं त्यांच्याकडे देऊन थोडं स्वतः नेता येतं. त्याला म्हणतात पार्शल पीपीएम. जेवढं वजन तुम्ही नेलंत तेवढं न्यायला सरकारला जो खर्च आला असता, तो तुम्हाला मिळतो, आणि तुमचा खर्च वजा जाता जे उरेल त्यावर कर. त्यासाठी रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं वजन करून पावत्या जपायच्या. महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर काटे असतात. पैसे काही फार सुटत नाहीत. पण आम्ही एक छोटा बंद ट्रेलर जोडला आणि त्यात जे भरलं त्यावर पहिला पंधरवडा निघाला: हवा भरायच्या गाद्या, सगळी पांघरुणं, दोन कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, डाळ-तांदूळ, पोहे, मसाल्याचा डबा, मुलांचे लोकरी कपडे, हातोडी-पाना-स्क्रू ड्रायव्हरची पेटी, पडद्यांऐवजी लावायला जुन्या साड्या.

आणि नवऱ्याचा तबला. तो ट्रकमध्ये द्यायचा प्रश्नच नव्हता. सॅव्हानाच्या बाजूची, म्हणजे फोर्ट स्ट्युअर्टकडची, हवा बारा महिने दमट. इथे हिवाळ्यात घरात सतत गरम हवा फिरते आणि आतली हवा इतकी कोरडी होते की दाराच्या मुठीला हात लावला तरी चटका बसतो. पुडीचं चामडं ताणलं जातं, लाकूड आकसतं. तबला-डग्गा गाडीत, चादरीत गुंडाळून, मुलांच्या मधोमध आला. पोचल्यावर त्याने वाद्या थोड्या सैल केल्या आणि खोलीत ह्युमिडिफायर लावला. पुडी शाबूत आहे. हार्मोनियम किंवा तानपुरा असेल त्यांनीही असंच करावं.

आता हे सगळं इतकं का, ते या जागेमुळे. फोर्ट ड्रम वॉटरटाउन गावाजवळ आहे. ऑन्टारिओ सरोवर पश्चिमेला, कॅनडाची हद्द उत्तरेला तीसेक मैलांवर, आणि दक्षिणेला सिराक्युज सत्तरेक मैल. पोस्टचा, म्हणजे या लष्करी तळाचा, पसारा एक लाख एकरांहून जास्त, आणि बाहेर गायी, मका, आमिश पंथाच्या लोकांच्या घोडागाड्या. सरोवर खोल आहे, ते सहसा पूर्ण गोठत नाही. त्यामुळे कॅनडाकडून येणारा गार वारा सगळा हिवाळाभर त्या उघड्या पाण्यावरून वाफ उचलतो आणि किनारा ओलांडला की बर्फ करून टाकतो. पोस्टच्या दक्षिणेला टग हिल नावाचं पठार आहे, तिथे हवा वर चढते आणि बर्फ आणखी वाढतो. तिथल्या माँटेग्यू गावात जानेवारी १९९७ मध्ये चोवीस तासांत ७७ इंच मोजला होता. मोजणी नियमापेक्षा जास्त वेळा केली म्हणून तो राष्ट्रीय विक्रम धरला नाही. आमच्या गावाकडे पाऊस मोजतात त्याच्याहून काटेकोर हे लोक बर्फ मोजतात.

हा बर्फ पट्ट्यांनी पडतो. वॉटरटाउनात ऊन आणि दहा मैलांवर समोरची गाडी दिसत नाही, असं खरंच होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये पोस्टच्या पूर्वेकडच्या नॅचरल ब्रिज या वस्तीवर एकाच वादळात सहा फूट साठला होता. म्हणजे ‘नोव्हेंबरात कुठला एवढा बर्फ’ असं म्हणणारा ट्रकवाला भेटला तर त्याला ही तारीख सांगा. आमच्या सामानाच्या ट्रकचा ड्रायव्हर दक्षिणेतला होता. मी सांगितली.

घराबद्दल फार लिहीत नाही, तो वेगळा विषय. पोस्टवरच्या घरांना प्रतीक्षायादी होती, म्हणून आम्ही ब्लॅक रिव्हरच्या बाजूला भाड्याने घेतलं. सैन्याकडून नवख्याला एक स्पॉन्सर मिळतो, आमच्या स्पॉन्सरच्या बायकोने फोनवर पहिल्याच वाक्यात सांगितलं, “एक खोली कमी घ्या, पण गॅरेज घ्या.” हे वाक्य मी फ्रेम करून लावायला तयार आहे. गॅरेज नसेल तर रोज सकाळी गाडी खणून काढायची आणि मग काच खरवडायची. शिवाय हिवाळ्यात रात्री रस्त्यावर गाडी लावायला गावागावांतून बंदी असते, बर्फ बाजूला सारणारा नांगर फिरायला जागा हवी म्हणून. आणि सामान येण्याच्या दिवशी गॅरेजचा आणखी एक उपयोग होतो, तो खाली येतोच. पोस्टवर शाळा नाहीत. घर कुठे यावर मुलं कार्थेजच्या की इंडियन रिव्हरच्या शाळेत हे ठरतं. पोस्टवर दवाखाना आहे, पण भरती करून घेणारं रुग्णालय नाही; बाळंतपणं वॉटरटाउनात होतात. ज्यांना गरज आहे त्यांनी हे आधी बघून ठेवा.

सामानाला ठरलेल्या तारखेपेक्षा उशीर झाला. कंपनीचा फोन लागेना, लागला तर दुसराच माणूस. अशा वेळी हॉटेलच्या आणि खाण्याच्या पावत्या ठेवाव्यात. उशीर कंपनीमुळे असेल तर गैरसोयीची भरपाई कंपनीकडे मागता येते. राहण्याजेवणाचा टीएलई भत्ता ठरावीक दिवसच असतो, तो या काळात संपत आला होता. भाड्याचं घर ताब्यात आल्यावर आम्ही रिकाम्या घरात हवेच्या गाद्यांवर राहिलो. एसीएस म्हणजे आर्मी कम्युनिटी सर्व्हिस, त्यांच्याकडे नव्याने आलेल्यांना भांडीकुंडी उसनी देतात. आम्ही मोठी पातेली आणि ताटल्या आणल्या. त्या विभागाला माझ्याकडून पूर्ण पाच तारे, आणि तिथल्या बाईंनी न मागता बर्फाचं एक जुनं फावडं हातात दिलं त्याबद्दल सहावा.

उतरवण्याच्या दिवशी सकाळपासून भुरभुर सुरू होती. मोठा ट्रक आमच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबला. वळायला जागा नाही, कडेला बर्फाचे ढीग. मग त्यांनी एक छोटा बंद ट्रक मागवला आणि एकातून दुसऱ्यात सामान काढून फेऱ्या मारल्या. याला शटल म्हणतात, त्याची मंजुरी कंपनीने घ्यायची असते आणि पैसे तुम्ही द्यायचे नसतात. कोणी मागितले तर देऊ नका, पोस्टवरच्या वाहतूक कार्यालयाला फोन करा. ड्राइव्ह-वे साफ करणं मात्र आपल्याकडे. रस्त्यावरचा नांगर जाताना ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी बर्फाची जी भिंत टाकून जातो ती मऊ नसते. मीठ, चिखल आणि रस्त्यावरचा घट्ट दाबलेला बर्फ यांचा तो बांधच असतो, आणि तो पुढे काही वेळात दगड होतो. नवऱ्याने पहाटे खणला, दुपारी नांगराने पुन्हा टाकला. शेवटी पिकअपला पातं लावून फिरणाऱ्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने तो पाच मिनिटांत बाजूला केला आणि पैसे घ्यायला नकार दिला.

माझं काम दारात उभं राहून बिंगो शीटवर खुणा करणं. हा एक नंबरांचा तक्ता असतो. आत येणारा माणूस स्टिकरचा नंबर ओरडतो आणि आपण तो खोडतो. हे काम दुसऱ्या कोणाला देऊ नका आणि मधे चहा करायलाही जाऊ नका. खोक्यांच्या बुडाला बर्फ लागून पुठ्ठा भिजत होता, म्हणून आधी सगळी खोकी गॅरेजमध्ये, तिथे तळ पुसून मग आत. टोळीचा प्रमुख समजूतदार होता. त्याने दारापासून पायऱ्यांपर्यंत जाड कापड अंथरलं आणि आपली माणसं दर फेरीला बूट झटकतायत का ते बघत राहिला. त्या दिवशीच्या टोळीबद्दल माझी तक्रार नाही. थंडीत बोटं वाकत नसताना कपाट जिन्यावरून नेणं सोपं नाही. त्यांना मी आल्याचा चहा आणि उपीट दिलं. चहा दोनदा मागून घेतला, उपिटाबद्दल मौन.

एक नंबर शेवटपर्यंत खोडला गेला नाही: पार्ट्स बॉक्स. पलंग, टेबल, पाळणा सोडवताना निघालेले सगळे स्क्रू आणि बोल्ट एका खोक्यात टाकतात, त्यालाच पार्ट्स बॉक्स म्हणतात, आणि नेमका तोच हरवतो अशी सैन्यातल्या बायकांची ठाम श्रद्धा आहे. तो नाही तर पलंग म्हणजे नुसत्या फळ्या. नियमाने त्यांनी जे सोडवलं ते त्यांनीच जोडून द्यायला हवं, पण बोल्टच नाहीत तर काय जोडणार. खोकं काही दिवसांनी कुरिअरने आलं, पलंग नवऱ्यानेच जोडला. पुढच्या वेळी बोल्ट एका झिपच्या पिशवीत घालून माझ्या पर्समध्ये राहतील, पॅकर कितीही नाक मुरडो.

अजून एक. टोळी जायच्या आधी एक कागद पुढे करतात: खोकी उघडून द्यायची गरज नाही, असं आपण म्हणतो म्हणून सही. दमलेले लोक सही करून टाकतात. करू नका. खोकी उघडणं आणि रिकामा पुठ्ठा-कागद त्याच दिवशी घेऊन जाणं हे या सेवेतच येतं. निदान काचेचं आणि चिनीमातीचं तरी त्यांच्याकडून काढून घ्या. बर्फात भिजलेल्या पुठ्ठ्याचा डोंगर अंगणात साठवणं काय असतं ते तिथे गेल्यावरच कळतं, आणि तो मार्चपर्यंत तिथून हलत नाही.

नुकसान: टेबलाचा एक पाय मुळातून तडकलेला, लोणच्याच्या रिकाम्या बरणीचा काठ उडालेला, एका कपाटाची पाठ फाटलेली. कपाट भुश्शाच्या फळीचं होतं, ते दोन बदल्या टिकलं हेच खूप. नुकसानीची सूचना सामान मिळाल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यायची, आणि पूर्ण बदली किंमत हवी असेल तर दावा नऊ महिन्यांच्या आत. दोन्ही डीपीएसवरच. कंपनीचं पहिलं उत्तर आलं की टेबल आधीच खराब होतं, यादीत कोड आहेत. मी सहीजवळची माझी हरकत आणि तारखेसकट फोटो पाठवले. दुसरं उत्तर बरंच नम्र होतं. दुरुस्तीचे पैसे मिळाले, बरणीचेही. कंपनी ऐकत नसेल तर प्रकरण सैन्याच्या क्लेम ऑफिसकडे नेता येतं. आमच्यावर ती वेळ आली नाही.

दीड तारा कापला तो उशिरासाठी, फोनच्या त्या खेळासाठी आणि पार्ट्स बॉक्ससाठी. यात एक गंमत आहे. उन्हाळ्यात, मे ते ऑगस्ट, निम्मं सैन्य एकाच वेळी हलतं. तेव्हा ट्रक मिळत नाहीत आणि टोळ्या नवख्या असतात. आम्हाला नोव्हेंबरात नोंदणी पटकन मिळाली आणि माणसं अनुभवी मिळाली. म्हणजे माणसं चांगली हवीत तर बर्फ घ्या, रस्ता चांगला हवा तर गर्दी घ्या. तारीख आपल्या हातात नसते हे माहीत आहे, पण हजर व्हायच्या तारखेत थोडी सवड मिळत असेल तर सप्टेंबर मागा.

गाडीबद्दल मूव्हर्स काही सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. दक्षिणेतून येताना काच धुवायच्या टाकीत पाणी असतं. ते काढून उणे वीस फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं द्रव वाटेतच भरा. जॉर्जियाच्या उन्हात अर्धमेली झालेली बॅटरी इथल्या पहिल्या गारठ्यात मान टाकते; निघण्यापूर्वी तपासून घ्या. टायर हिवाळ्याचेच घ्या, डोंगर आणि हिमफुलाची खूण असलेले. सात अंश सेल्सियसच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड जाते, चार चाकांना ताकद असली तरी. नोव्हेंबरात टायरच्या दुकानांत रांगा असतात, तेव्हा घर सोडण्यापूर्वीच फोन करून वेळ घेऊन ठेवा. खिळ्यांचे टायर न्यूयॉर्कमध्ये १६ ऑक्टोबर ते ३० एप्रिल चालतात, पण रोजच्या पोस्टच्या रस्त्याला आम्हाला त्यांची गरज पडली नाही. डीएलएची, म्हणजे बदलीच्या खर्चासाठी मिळणाऱ्या भत्त्याची, रक्कम पडद्यांवर आणि गालिच्यांवर उडवू नका. ती टायर, मुलांच्या बर्फात घालायच्या पॅन्ट आणि बूट यांसाठीच आहे असं समजा. मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर सोडतात, आणि पॅन्ट-बूट नसतील तर मूल आत बसून राहतं.

घर हाती आल्यावर जमीन गोठण्याआधी ड्राइव्ह-वेच्या दोन्ही कडांना चमकणाऱ्या काठ्या रोवा, नाहीतर जानेवारीत ड्राइव्ह-वे कुठे संपतो आणि हिरवळ कुठे सुरू होते ते नांगरवाल्यालाही कळत नाही. आणि घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर भिंतीतून ज्या पांढऱ्या नळीने बाहेर जातो ती कुठे आहे ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. बर्फाने ती बुजली तर भट्टी बंद पडते, आणि विषारी वायू घरात यायचा धोका वेगळा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ट्रकमध्ये देऊ नका, स्वतःबरोबर आणा. आमच्या घरात तो होता, पण बॅटरी नव्हती.